वाटला तरच वाण टिकतो

(संक्रांत ते रथसप्तमी या काळात भरलेल्या परसबागप्रेमी कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मराठी भाषेत ‘वाण’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकवाला जे लुटले जाते, ते वाण. शेतात आणि परसात बियाण्याची जी जात पिढ्यान्‌पिढ्या राखली जाते, तोही वाण. पहिला शब्द नपुंसकलिंगी, दुसरा पुल्लिंगी. व्याकरणाने वेगळे ठेवलेले हे दोन शब्द आपल्या पूर्वजांच्या संसारात मात्र एकाच सुपात होते. शेजारणीच्या ओटीत घातलेले मूठभर पावटे हे दानही होते आणि बियाणेही होते. आज वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या वाटल्या जातात. त्या वस्तू निरुपयोगी नव्हेत; पण त्या उगवत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

आजचा विषय परसबागेचा आहे. परसबाग कशी लावावी, यावर पुस्तके पुष्कळ आहेत आणि तज्ज्ञही आहेत. आज त्यापुढचा एक विचार मांडायचा आहे. आपल्या बागेत काय उगवले, काय वाळले, कोणते बी धरले आणि कोणते वाया गेले, हे चार घरांना सांगितल्यावाचून परसबाग टिकत नाही. एकट्याने केलेली बाग हा छंद असतो. छंदाचे आयुष्य माणसाच्या उत्साहाएवढे. वाटून घेतलेली बाग ही परंपरा होते आणि परंपरेचे आयुष्य समाजाएवढे असते.

परस : घराचाच एक भाग

जुन्या घरात पुढे अंगण आणि मागे परस असे. अंगणात तुळशीवृंदावन, परसात विहीर किंवा आड. मोरीचे पाणी जिथे उतरे तिथे अळू, केळ आणि कर्दळ लावलेली असे. या झाडांना ओल मानवते. त्यामुळे सांडपाण्याचा निचराही होई आणि पानेही मिळत. भांडी घासण्यासाठी राखच वापरली जात असल्याने ते पाणी झाडांना अपाय करीत नसे. चुलीची राख पुन्हा वेलांच्या बुडाशी जाई. गोठ्यातील शेण उकिरड्यात मुरे आणि वर्षभराने खत होऊन परत येई. कुंपणावर वाल, आढ्यावर भोपळा, दाराशी कढीलिंब. टाकाऊ असे त्या घरात फारच थोडे होते. ‘कचरा व्यवस्थापन’ हा शब्द त्या घरातील गृहिणीने ऐकला नव्हता. कारण तिच्या घरात त्याची गरजच नव्हती.

आपले सण पाहिले तर ते परस गृहीत धरूनच बसवले आहेत असे लक्षात येते. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न खायचे नाही, असा नियम आहे. नांगरटीचे धान्य वर्ज्य. मग खायचे काय? तर अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याचे कणीस. म्हणजे माणसाने स्वतःच्या हाताने, कुदळीने आणि खुरप्याने पिकवलेले. वर्षातून एक दिवस तरी प्रत्येक घराने स्वतःच्या हातचे खावे, ही अपेक्षा त्यामागे आहे. ज्या घराला परस नाही, त्या घराला ही ऋषीची भाजी मंडईतून विकत आणावी लागते. व्रत पार पडते. पण व्रताचा गाभा निसटतो.

नवरात्रातील घटस्थापनेचेही तसेच. पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात धान्य पेरले जाते आणि नऊ दिवस त्याची उगवण पाहिली जाते. श्रद्धेने केलेल्या या पूजेत शेतकऱ्याला रब्बीच्या तोंडावर घरच्या बियाण्याची उगवणशक्तीही कळत असे. आजही प्रयोगशाळेत बियाण्याची परीक्षा करतात ती ओलाव्यात ठराविक दाणे ठेवून आणि किती उगवले ते मोजूनच. भोगीच्या दिवशीची मिसळीची भाजी पाहा. पावटा, हरभरा, घेवडा, वांगे, गाजर. हिवाळ्यात शिवारात आणि परसात जे जे आले, ते सर्व एका पातेल्यात. घरोघरची ही भाजी वेगळी लागे, कारण घरोघरचे वाण वेगळे होते.

परस गेला, त्याबरोबर काय गेले?

वाडे गेले, चाळी गेल्या, त्यांच्या जागी इमारती आल्या. वाढत्या लोकसंख्येला निवारा हवा होता. त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु परसाबरोबर केवळ दोन गुंठे जागा गेली असे समजणे चुकीचे ठरेल. परसाबरोबर तीन गोष्टी गेल्या. पहिली म्हणजे बी. घरचे बी धरण्याची सवय मोडली आणि पाकिटातले बी आले. दुसरी म्हणजे विद्या. वेलाला पहिले जोमदार फळ धरले की ते तोडायचे नाही, बियाण्याला सोडायचे. ते वेलावरच पिकू द्यायचे. बी राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून, मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून ठेवायचे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते आजीच्या हातात होते. तिसरी गोष्ट म्हणजे कुंपणावरचा संवाद. ‘तुमचा वेल आमच्याकडे आलाय, शेंगा काढून घेतल्या बरं का’ या एका वाक्यात जेवढे शेजारधर्माचे शिक्षण होते, तेवढे आज एकाच मजल्यावरील चार बंद दारांमध्ये मिळून होत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गॅलरीतील बाग कुटुंबाची भाजीची गरज पूर्ण भागवते, असा दावा काही उत्साही मंडळी करतात. तो हिशेबाला टिकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. चार माणसांच्या घराला त्या हिशेबाने दररोज दीड किलोहून अधिक भाजी लागते. दहा-बारा कुंड्यांतून ती निघणार नाही. मात्र माठ, मेथी, पालक, अंबाडी, कोथिंबीर, अळू यांसारखा ताजा पाला आठवड्यातून दोन-तीनदा अवश्य मिळतो. पोट भरण्याचे साधन म्हणून या बागेकडे पाहिले तर निराशा पदरी येते. बियाणे, विद्या आणि शेजार या तीन गोष्टी राखण्याचे साधन म्हणून पाहिले, तर दोन कुंड्यासुद्धा पुरतात.

प्रयोग परिवार : अनुभवाची देवघेव

अनुभव सांगण्या-ऐकण्यातून केवढी शक्ती उभी राहते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४-२००१) हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ ही कल्पना रुजवली. तिचे सूत्र साधे होते. शेतकरी हा केवळ सल्ला घेणारा नव्हे, तो प्रयोगकर्ता आहे. त्याने आपल्या बांधावर प्रयोग करावा, निरीक्षण टिपून ठेवावे आणि ते दुसऱ्या प्रयोगकर्त्याला सांगावे. ना पदवीची अट, ना संस्थेचे शिक्के. तासगाव परिसरातील द्राक्ष बागायतदारांनी हा मार्ग धरला. एकमेकांच्या बागेत जाऊन वेलींची छाटणी पाहणे, घड मोजणे, चुकले काय आणि साधले काय यावर मोकळी चर्चा करणे, गावोगावी पत्रे लिहून प्रश्न विचारणे, अशा पद्धतीने त्यांची विद्या वाढली. महाराष्ट्रातील द्राक्षशेतीची जी भरभराट पुढे झाली, तिच्या इतिहासात या परिवाराचे नाव आदराने घेतले जाते.

दाभोळकर सरांनी तोच विचार घरच्या बागेलाही लावला. झाडाचे पान हा उन्हावर चालणारा कारखाना आहे. आपल्या गच्चीवर ऊन किती तास पडते आणि किती पाने ते झेलतात, हे मोजायला त्यांनी सामान्य माणसाला शिकवले. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकात हा विचार विस्ताराने आला आहे. आकडेमोड सोपी होती. पण तिच्यामुळे माणसाची दृष्टी पालटत असे. ‘आमच्याकडे काही येत नाही’ असे म्हणणारी व्यक्ती ‘आमच्या गच्चीवर साडेतीन तासच ऊन येते, म्हणून टोमॅटो येत नाही, पण माठ येतो’ असे म्हणू लागली, की ती तक्रारदार न राहता प्रयोगकर्ती झाली. आणि तिचे हे एक वाक्य त्याच इमारतीतील इतर वीस घरांच्या उपयोगाचे ठरते.

गच्चीवरचा उद्योग

शहरात हे जमते का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराने दिले. तेथील खानपान विभागातील अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघराच्या सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर बाग सुरू केली. हजारो कामगारांचे जेवण रांधताना निघणारी देठे, साली आणि उष्टे-खरकटे रोज बाहेर फेकले जात असे. तेच कुजवून त्यावर फळझाडे आणि भाज्या वाढवण्यात आल्या. स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांचेच हात या कामाला लागले. पुढे या अनुभवातून ‘अर्बन लीव्ह्ज’ हा उपक्रम उभा राहिला आणि मुंबईतील अनेक कुटुंबे सुटीच्या दिवशी एकत्र येऊन मातीत हात घालू लागली. कचऱ्याची समस्या घेऊन सुरू झालेले काम माणसे जोडण्यापर्यंत पोहोचले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या मंडळींनी वापरलेली ‘अमृतमाती’ ही दाभोळकर सरांच्या विचारपरंपरेतीलच देणगी. तिची कृती कोणत्याही घराला जमण्यासारखी आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ कालवायचा. तीन दिवस ते दिवसातून दोन-तीनदा ढवळायचे. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी मिसळले की अमृतजल तयार होते. वाळलेला पालापाचोळा चोवीस तास त्यात भिजवायचा आणि मग थोडी माती घालत त्याचे थर रचायचे. आठवड्यातून एकदा ढीग वर-खाली करायचा. महिन्याभरात पाला बराच कुजतो. मग त्यावर नाना प्रकारचे बी पेरायचे. रोपे तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने छाटून तेथेच मिसळायची. साधारण साडेचार महिन्यांत काळी, भुसभुशीत, हलकी माती हाती येते. देशी गाईचे शेण आणि झाडाखाली पडलेला पाला एवढेच भांडवल. रस्त्याकडेला पाला जाळून धूर करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी भाराचा विचार मात्र आधी करायला हवा. ओली माती फार जड असते. एका घनमीटरला ती दीड टनाच्या आसपास भरते. म्हणून गच्चीवर शेतातली माती न चढवता पाल्याचे हलके खत वापरावे. वाफे तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेत ठेवावेत, निचऱ्याची वाट मोकळी ठेवावी आणि इमारतीच्या सर्व सभासदांची संमती घ्यावी. खालच्या घरात गळती झाली तर शेजार जोडण्याऐवजी तुटेल.

कोंभाळण्याची बीजमाता

माती झाली, आता बियाण्याकडे वळू. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत कोंभाळणे हे गाव आहे. तेथील महादेव कोळी जनजातीतील राहीबाई पोपेरे यांचे नाव आज साऱ्या देशाला ठाऊक आहे. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीने आपल्या परिसरातील वाल, घेवडा, भात, वांगी, भोपळे आणि पालेभाज्यांचे शंभराहून अधिक गावरान वाण जमवले आणि राखले. घरातील लहान मूल वारंवार आजारी पडू लागले, तेव्हा औषधे फवारून पिकवलेल्या भाजीबद्दल त्यांच्या मनात शंका आली आणि तेथून हे काम सुरू झाले, असे त्या सांगतात. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेचे साहाय्य त्यांना लाभले. परंतु कामाचा आत्मा त्यांचाच.

राहीबाईंनी बी कुलपात ठेवले नाही, हे त्यांच्या कामातील मर्म आहे. त्यांनी ते गावोगावच्या महिलांना दिले, ते कसे लावायचे हे सांगितले आणि कसे धरायचे हेही शिकवले. सामुदायिक बीजपेढ्यांचा नियमही सामान्यतः असाच असतो. मूठभर बी न्यावे आणि पीक आले की त्याच्या दुप्पट परत करावे. पैशाचे व्याज चुकवताना माणूस वाकतो. बियाण्याचे व्याज चुकवताना तो ताठ मानेने येतो, कारण त्याच्याकडे स्वतःचेही बियाणे तयार झालेले असते. शिवाय एखाद्या घरची पेर अतिवृष्टीने गेली, तरी तो वाण दुसऱ्या दहा घरी शिल्लक राहतो. संकटकाळासाठी याहून भरवशाची तिजोरी नाही.

या देवघेवीला आपल्या कायद्याचाही आधार आहे. २००१ साली संसदेने संमत केलेल्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी साठवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आहे. केवळ संरक्षित वाणाचे बी मुद्रांकित नावाने विकता येत नाही. जगातील अनेक देशांत बियाण्यावर कंपन्यांची पकड घट्ट होत असताना भारताने हा हक्क कायद्यात लिहिला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. मात्र हक्क कागदावर राहून उपयोगाचे नाही. जो हक्क वापरात नाही, तो हळूहळू विस्मरणात जातो.

काय द्यावे, कसे द्यावे?

बी वाटताना चार पथ्ये पाळावीत. पहिले पथ्य म्हणजे संकरित बियाण्यापासून आलेल्या फळाचे बी धरून वाटू नये. संकरित वाणाची पुढची पिढी आईसारखी येत नाही. कोणी उंच, कोणी खुजे, कोणी फळहीन निघते आणि घेणारा निराश होतो. वाटायचे ते सरळ, गावरान वाणाचेच.

दुसरे पथ्य परागीकरणाचे. वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो यांच्या फुलात बहुधा स्वतःचेच परागीकरण होते, म्हणून यांचे बी नवख्याने धरले तरी फारसे बिघडत नाही. भोपळा आणि काकडी यांचे काम मधमाश्यांवर चालते. शेजारी दुसरा वाण असेल तर दोन्हींची सरमिसळ होते. अशा वेळी लाल भोपळ्याची नर आणि मादी अशी उमलण्याच्या बेतात असलेली फुले संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवावीत. सकाळी ती उघडून हाताने पराग लावावा आणि मादी फूल पुन्हा बांधावे. फळ धरले की त्याला खूण करावी. हे काम घरातील मुलांना दिले तर शाळेतील वनस्पतिशास्त्राचा एक धडा आयुष्यभर लक्षात राहील.

तिसरे पथ्य पुडीवर लिहिण्याचे. वाणाचे नाव, बी कोणाकडून आले, कोणत्या महिन्यात धरले आणि दहा दाण्यांपैकी किती उगवले, एवढ्या चार ओळी पुरेत. ओल्या फडक्यात दहा दाणे बांधून ठेवले की उगवण कळते. नाव नसलेली पुडी ही पत्ता नसलेल्या पत्रासारखी. ती कुठेच पोहोचत नाही.

चौथे पथ्य सर्वांत अवघड आहे. अपयशही सांगावे. लालबुंद टोमॅटोचे छायाचित्र सर्वांना दाखवावेसे वाटते. मावा पडून गेलेली मिरची मात्र कोणी दाखवत नाही. परिणामी नव्याने बाग करणाऱ्या गृहिणीला वाटते, सगळ्यांचे साधते, आपलाच हात वाईट. ती कुंड्या जिन्याखाली ठेवून देते. खरे तर तिची मिरची ज्या कारणाने गेली, त्याच कारणाने आणखी सहा जणींची गेलेली असते. एकीने सांगितले असते तर सातही जणींना उपाय सापडला असता. दुसऱ्याच्या यशाने माणूस हुरळतो. पण तो शिकतो बहुधा दुसऱ्याच्या मोकळेपणाने सांगितलेल्या अपयशातून. द्राक्ष बागायतदारांच्या बैठकांना जे साधले, ते या मोकळेपणामुळेच.

वाण कोणाला?

आता एक नाजूक, परंतु आवश्यक मुद्दा. हळदीकुंकवाच्या प्रथेत पती हयात नसलेल्या भगिनीला बोलावत नाहीत. अनेक घरांनी ही रूढी आता मोडली आहे. सर्वांनी मोडायला हवी. बियाण्याच्या दृष्टीने पाहिले तर या रूढीने आपले केवढे नुकसान केले ते कळते. कोणत्या नक्षत्रावर कोणता वेल लावायचा, कोणत्या अळूला खाज नसते, कोणता वाल कोरड्या आमटीचा आणि कोणता बिरड्याचा, हे जिला ठाऊक आहे ती बहुतेक घरांत पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी असते. आणि नेमकी तीच समारंभाच्या दिवशी आतल्या खोलीत बसलेली असते. ज्या ज्ञानाचा दिवा तेवत ठेवायचा, त्यालाच आपण पडद्याआड ठेवले. ज्या घरी बियाण्याचे वाण लुटले जाईल, त्या घरी पहिली पुडी अशा आजीच्या हातून द्यावी आणि तिच्याच तोंडून त्या वाणाची माहिती ऐकावी.

वाणाला जातपात ठाऊक नाही. घरकामाला येणाऱ्या ताई बहुधा खेड्यातून आलेल्या असतात. त्यांच्या माहेरी अजून परडे असते, कुंपणावर अजून वेल असतो. मंडईतील भाजीवाल्या मावशींना टाकळा, कुर्डू, शेवळे, भारंगी ओळखता येते. पदवीधरांना येत नाही. सालगड्याच्या झोपडीच्या छपरावर जो दुधी चढलेला असतो, त्याचे बी कुठल्याही दुकानात मिळत नाही. या सर्वांना आपल्या बैठकीत सन्मानाने बोलावले, त्यांच्याकडून घेतले आणि त्यांना दिले, तर समरसता हा भाषणाचा विषय न राहता व्यवहाराचा होईल. अरणच्या सावता महाराजांनी भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. राज्यभरातील संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. विठुरायाची पालखी मात्र सावता माळ्याला भेटायला अरणला जाते. मातीत राबणाऱ्याकडे देवाने स्वतः चालत जावे, ही आपली परंपरा आहे. आपण चार पायऱ्या उतरून जायला काय हरकत आहे?

राष्ट्राच्या दृष्टीने

कुंडीतल्या माठाचा राष्ट्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. १९६५ चे वर्ष आठवावे. सीमेवर युद्ध, देशात धान्याची टंचाई आणि परदेशी गव्हाची लाचारी. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशवासीयांना सोमवारी सायंकाळचे भोजन सोडण्याचे आवाहन केले, ते आधी स्वतःच्या घरात अमलात आणून. आपल्या शासकीय निवासस्थानाच्या हिरवळीवरही त्यांनी नांगर चालवला. त्या तुकड्यात किती धान्य पिकले, हा प्रश्न गौण आहे. देशाचे अन्न ही प्रत्येक नागरिकाची जबाबदारी आहे, हा संस्कार त्यातून झाला.

ब्रिटनचे उदाहरणही बोलके आहे. तेथे १९०८ च्या कायद्यान्वये स्थानिक संस्थांवर नागरिकांना भाजी पिकवण्यासाठी जमिनीचे छोटे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी आली. एक तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे अडीच गुंठ्यांचा. पीक प्रामुख्याने घरच्या वापरासाठी. शेजारी-शेजारी तुकडे असल्याने रोपे, अवजारे आणि अनुभव यांची देवघेव आपोआप होई. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि समुद्रमार्गे येणारे अन्न धोक्यात आले, तेव्हा हे तुकडे झपाट्याने वाढून त्यांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. हे एका रात्रीत घडले नाही. तीस वर्षे लोकांचे हात मातीला सरावलेले होते, म्हणूनच संकटात ते उपयोगी पडले. बियाणे आणि विद्या संकट आल्यावर विकत घेता येत नाहीत. त्या आधीच घरात असाव्या लागतात.

महाराष्ट्रातही शाळांच्या आवारात पोषण आहारासाठी परसबागा लावल्या जातात आणि ग्रामीण भागात बचत गटांच्या भगिनी घराशेजारी पोषण परसबागा फुलवत आहेत. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण, कुटुंब प्रबोधन, समरसता, स्वबोध आणि नागरिक कर्तव्य हे पाच विषय आहेत. परसबाग हे असे एक काम आहे की ज्यात हे पाचही विषय एकाच वाफ्यात उगवतात.

दहा घरांची बैठक

यातून करायचे काय? कार्यक्रम मोठा नको; टिकेल असा हवा. एका वस्तीतील किंवा इमारतीतील दहा घरांनी महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तासभर एकत्र बसावे. दर वेळी बैठक वेगळ्या घरी. आधी त्या घरची बाग, मग ती दोन कुंड्यांची का असेना, सर्वांनी पाहावी. नंतर प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगाव्यात. या महिन्यात काय साधले आणि काय बिघडले. एका वहीत तारीख घालून ते लिहावे. लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. वर्ष संपेल तेव्हा त्या वस्तीच्या हवेचे, उन्हाचे आणि किडींचे पंचांग त्या वहीत तयार झालेले असेल. असे पंचांग कोणतेही विद्यापीठ त्या गल्लीपुरते करून देणार नाही.

प्रत्येक घराने एकच वाण दत्तक घ्यावा. एका घरी वाल, दुसऱ्या घरी गावरान टोमॅटो, तिसऱ्या घरी लाल माठ. दहाही वाण सर्वांनी सांभाळायचे म्हटले तर कोणाचेच सांभाळून होत नाहीत. एक-एक सांभाळला तर दहा टिकतात. नवरात्रात प्रत्येकाने आपल्या बियाण्याची उगवण तपासावी. संक्रांतीला त्या बियाण्याच्या पुड्या नाव-गाव लिहून वाण म्हणून लुटाव्यात. वाण नेणाऱ्याने पुढील संक्रांतीला दुप्पट घेऊन यावे. जमले नाही तर रिकाम्या हाताने यावे, पण यावे. आणि का जमले नाही ते सांगावे. तेही वाणच आहे.

बियाण्याची सजीवता काही वर्षांचीच असते. कितीही जपून डब्यात ठेवले, तरी न पेरलेले बी एक दिवस मरते. म्हणून ते जपण्याचा मार्ग एकच. दरवर्षी मातीत घालणे आणि दरवर्षी दुसऱ्याच्या हाती देणे. संस्कृतीचेही तेच आहे. ती काचेच्या कपाटात टिकत नाही, रोजच्या व्यवहारातच टिकते. येत्या रथसप्तमीपर्यंत प्रत्येकाने एका घराला एका वाणाची एक पुडी द्यावी, एवढीच विनंती. शेजारच्या दाराची घंटा वाजवायला त्याहून चांगले निमित्त मिळणार नाही.